भिंग आणि चौकट : उंची चष्म्यांच्या द्रव्याविषयी

मराठी समीक्षेत चष्मा हा शब्द वारंवार येतो. अमुक समीक्षक मार्क्सवादाच्या चष्म्यातून वाचतो, तमुक वाचक आपला जातीचा चष्मा काढून ठेवायला तयार नाही, असे आपण लिहितो, वर्गात शिकवतो आणि उत्तरपत्रिकांत तपासतो. या सगळ्या लिखाणात चष्मा म्हणजे केवळ भिंग. त्याला काड्या नसतात, तो नाकावरून घसरत नाही, त्याची बिजागरी सैल होत नाही आणि त्याला किंमतही नसते. ज्या वस्तूचे रूपक आपण इतक्या सढळ हाताने वापरतो ती कशाची बनते, कोण बनवते आणि तिच्या काही नगांची किंमत एखाद्या प्राध्यापकाच्या महिन्याच्या पगाराएवढी का असते, याकडे आम्ही स्वतः कधी लक्ष दिले नव्हते. ते द्यावे लागले ते एका क्षुल्लक प्रसंगाने.

आमच्यापैकी एकाला चाळिशी लागली. (मराठीने या वस्तूला दिलेले हे नाव मोठे निर्दय आहे. 'चष्मा' हा शब्द फारसी 'चश्म'शी, म्हणजे डोळ्याशी नाते सांगतो. 'चाळिशी' मात्र वयच सांगून टाकते. दागिन्याला असे नाव कोणी देणार नाही.) दोघे-तिघे मिळून दुकानात गेलो. दुकानदारांनी काचेच्या पेटीतून तपकिरी-पिवळ्या ठिपक्यांची एक फ्रेम काढली आणि म्हणाले, "सर, ही शेल घ्या. टॉरटॉइज आहे, इटालियन." "म्हणजे कासवाची?" असे विचारताच ते हसले. "कासव कुठलं सर, ॲसिटेट आहे. पण म्हणायचं तसंच."

'म्हणायचं तसंच' या वाक्यापाशी साहित्याचा विद्यार्थी अडतो. वस्तू गेली, नाव उरले. आणि नाव उरले म्हणून किंमतही उरली. हा केवळ बाजाराचा व्यवहार आहे असे म्हणून तो सोडून देता आला असता. परंतु चष्म्यांच्या उंची द्रव्यांचा इतिहास पाहू गेल्यास जे प्रश्न पुढे येतात ते आपल्याच शास्त्रातले आहेत: नक्कल कशाला म्हणावे, अलंकार वरून चढवलेला कधी असतो आणि अंगभूत कधी, आणि एखाद्या माध्यमाचा स्वभाव ओळखणे म्हणजे काय. आमचे म्हणणे थोडक्यात असे की चष्म्याचे उंचीपण द्रव्याच्या दुर्मीळपणात नाही. द्रव्याचा स्वभाव आणि माणसाचा चेहरा या दोहोंना ओळखणाऱ्या रचनेत ते आहे. हे ओळखण्याची भाषा मात्र आपण जाहिरातीच्या स्वाधीन करून बसलो आहोत.

प्रथम त्या कासवाविषयी. ते हॉक्सबिल कासव. ससाण्यासारख्या चोचीमुळे त्याला हे नाव पडले. वेळासच्या किनाऱ्यावर ज्यांची पिल्ले समुद्रात सोडताना आपण पाहतो ती ऑलिव्ह रिडले कासवे; हे त्यांहून वेगळे. उष्ण समुद्रांतील प्रवाळांच्या आसऱ्याने राहणारे आणि मुख्यतः स्पंज खाणारे. त्याच्या पाठीवर कौलांसारखे एकावर एक चढलेले तेरा मोठे खवले असतात. आपली नखे आणि जनावरांची शिंगे ज्या केराटिनची बनतात त्याचेच हे खवले. पण त्यांत मध, तपकीर आणि काळोख यांची अशी काही सरमिसळ असते की कारागिरांना तिने शतकानुशतके वेड लावले. शिवाय हे द्रव्य विलक्षण आज्ञाधारक. गरम पाण्यात ते मऊ होते, साच्यात दाबले की तो आकार धरते, आणि उष्णता, ओलावा व दाब यांच्या जोरावर दोन तुकडे गोंदाशिवाय एकजीव होतात. त्यामुळे मोडलेली फ्रेम जोडता येते. कानामागे ते टोचत नाही, त्वचेच्या उबेने उबदार होते. जपानमध्ये या कामाला 'बेक्को' म्हणतात आणि नागासाकी हे त्याचे नावाजलेले केंद्र. थोडक्यात, कासवाच्या पाठीचा चष्मा केवळ मिरवण्यासाठी उंची नव्हता. तो वस्तू म्हणूनही चांगला होता. हे मान्य केल्याशिवाय पुढची खंत खरी ठरत नाही.

कारण त्या चांगुलपणाची किंमत कासवाने दिली. फण्या, पेट्या, पंखे आणि चष्मे यांसाठी हॉक्सबिलची इतकी शिकार झाली की 1977 साली वन्यजीवांच्या व्यापाराविषयीच्या 'साइटिस' या आंतरराष्ट्रीय कराराने या जातीला सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत घातले. जपानने आपली आयात थांबवली ती 1992 च्या अखेरीस. 1996 पासून ही जात नष्ट होण्याच्या अतिगंभीर धोक्यात असल्याची नोंद आहे. भारतातही 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत हे कासव आहे. पॅरिसमधील मेझों बोने या घराण्यासारखे मोजके कारागीर करारापूर्वीच्या जुन्या साठ्यातून आजही माप घेऊन असे चष्मे घडवतात. पण तो साठा सरणारा आहे, आणि त्याची किंमत सर्वसामान्यांनी विचारूही नये अशी.

आता नकलेकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सेल्युलॉइड आले. अमेरिकेतील जॉन वेस्ली हायट याने बिलियर्डच्या चेंडूंसाठी हस्तिदंताला पर्याय शोधता शोधता 1869-70 च्या सुमारास ते सिद्ध केले. नायट्रोसेल्युलोज आणि कापूर ही त्याची मुख्य द्रव्ये. आपल्या देवघरातला कापूर हस्तिदंताच्या आणि कासवाच्या नकलेत खर्ची पडावा हा एक गमतीदार योग. या नव्या द्रव्याच्या पुरस्कर्त्यांनी, यामुळे हत्ती आणि कासव वाचतील, असा युक्तिवादही केला होता. कासव वाचले नाही. त्याच्या पाठीची हौस मात्र घरोघर पोहोचली. नक्कल स्वस्त झाली की अस्सलाची तहान भागते असे आपण समजतो. पुष्कळदा ती वाढते.

सेल्युलॉइड भडकन पेट घेई. त्याची जागा पुढे सेल्युलोज ॲसिटेटने घेतली. विदर्भ-मराठवाड्यातील वाचकांना हे सांगायला हवे की या 'इटालियन' द्रव्याच्या मुळाशी बहुधा कापूस किंवा लाकूड असते. सरकी वेगळी केल्यावर तिला चिकटून राहिलेला आखूड तंतू हा सेल्युलोजचा एक शुद्ध स्रोत. व्हिनेगरमधील आम्लाच्या कुळातल्या रसायनांनी त्यावर प्रक्रिया केली की ॲसिटेट तयार होते. म्हणूनच फार जुन्या, कुजू लागलेल्या ॲसिटेटला आंबट वास येतो. इटलीत वारेसे प्रांतात कास्तिल्योने ओलोना नावाचे गाव आहे. तेथे 1849 साली सुरू झालेला मात्सुकेल्ली हा कारखाना आरंभी शिंग, हाड आणि कासवाची पाठ यांच्या फण्या व बटणे करीत असे. पुढे तोच सेल्युलॉइडकडे आणि मग ॲसिटेटकडे वळला, आणि आज चष्म्यांच्या जगात त्याच्या पत्र्यांचे मोठे नाव आहे. एकाच कारखान्याच्या आयुष्यात अस्सल आणि नक्कल यांचा हा सारा प्रवास झाला.

येथे आमच्या मते कळीचा भेद आहे. तपकिरी ठिपक्यांच्या दोन फ्रेमा शेजारी ठेवल्या तर दुरून त्या सारख्याच दिसतील. एक साच्यात वितळलेले प्लास्टिक दाबून केलेली, आणि तिच्यावर ठिपके रंगवलेले किंवा छापलेले. दुसरी ॲसिटेटच्या पत्र्यातून कापलेली. त्या पत्र्यासाठी वेगवेगळ्या रंगांचे तुकडे एकत्र दाबून ठोकळा करतात, मग त्याचे काप काढतात. त्यामुळे रंगाची नक्षी पत्र्याच्या आरपार असते. कोठेही कापा, ती आत सापडते. कापलेल्या फ्रेमा पुढे लाकडाच्या बारीक तुकड्यांसह पिंपात कित्येक तास, कधी कित्येक दिवस फिरवत ठेवतात. कडा मऊ होतात, तकाकी येते. ती वरून फासलेल्या वार्निशाची नसते. पहिल्या फ्रेमेवर ओरखडा पडला तर खालचे उघडे प्लास्टिक दिसते. दुसरीवर ओरखडा पडला तर ती पुन्हा घासून उजळता येते.

अलंकार वरून चढवलेला आणि अलंकार अंगभूत, हा भेद काव्यशास्त्राच्या तासाला आपण शिकवतो. तो समजावताना विद्यार्थ्यांच्या नाकावरच दोन उदाहरणे बसलेली असतात, हे मात्र आपल्या ध्यानात येत नाही.

अर्थात आरपार असली तरी ती नक्कलच, असा आक्षेप कोणी घेईल. तो रास्त आहे. ॲसिटेटने कासवाचे सोंग घेतले तोवर ते पराधीनच होते. त्याचे स्वत्व दिसले ते निराळ्याच कामात. 1978 साली स्वतःचे काम सुरू करणाऱ्या आलाँ मिकली या फ्रेंच आरेखनकाराने ॲसिटेटचे वेगवेगळ्या रंगांचे थर एकमेकांवर चढवून, ते कोरून, खालचा रंग वर आणून अशा चौकटी केल्या की त्या कोणत्याही प्राण्याच्या पाठीची आठवण करून देत नाहीत. जे कासवाच्या पाठीला कधीच जमले नसते ते येथे ॲसिटेट करते. नव्या माध्यमाने जुन्या माध्यमाची उणीव भरून काढण्याचे सोडून स्वतःला काय येते हे विचारले की आविष्कार सुरू होतो. मुक्तछंद जोवर वृत्ताची मोडतोड म्हणून लिहिला जातो तोवर तो केविलवाणा असतो, हे आपण जाणतोच.

याहून ठळक उदाहरण टायटॅनियमचे. जपानच्या फुकुई प्रांतात साबाए आणि त्याच्या आसपासचा प्रदेश हिवाळ्यात बर्फाखाली असतो आणि शेती थांबते. 1905 साली मासुनागा गोझाएमोन यांनी ओसाकाहून कारागीर आणवून गावातील लोकांना चष्म्याच्या फ्रेमा करण्याचे काम शिकवले. हेतू हा की शेतकऱ्यांना हिवाळ्यातही चार पैसे मिळावेत. आज जपानमधील बहुतेक फ्रेमा याच परिसरात बनतात. 1980 च्या दशकाच्या आरंभी येथील कारागिरांनी टायटॅनियमच्या फ्रेमा बाजारात आणल्या. हा धातू पोलादाहून बराच हलका, घामाने न गंजणारा, आणि निकेलमुळे ज्यांच्या त्वचेला खाज सुटते त्यांना सोसणारा. पण हट्टी. तापवला की हवेतील प्राणवायूशी संयोग पावून ठिसूळ होतो, म्हणून त्याचे सांधे आर्गॉनसारख्या निष्क्रिय वायूच्या पांघरुणाखाली जोडावे लागतात. दाबून आकार द्यावा तर तो स्प्रिंगसारखा मागे येतो.

या हट्टीपणाचेच भांडवल डेन्मार्कमध्ये झाले. आरहूस येथील चष्मेवाले पोल-यॉर्न लिंडबर्ग यांनी हान्स डिसिंग या वास्तुशिल्पज्ञाबरोबर 1980 च्या दशकात टायटॅनियमच्या तारेची एक चौकट रचली. तिला स्क्रू नाही, रिव्हेट नाही, डाग नाही. तार स्वतःभोवतीच वळवून बिजागरी केली आहे. जो धातू वाकवला की परत येतो त्याच्या परत येण्यालाच त्यांनी कामाला लावले. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य'मध्ये ज्या समतोललयीची चर्चा केली तिचा दाखला द्यायचा तर ही चौकट आम्ही एखाद्या शिल्पाच्या आधी दाखवू. सोने नाही, हिरा नाही, दुर्मीळ प्राणी नाही. काढून टाकता येण्याजोगे सगळे काढून टाकले आहे आणि जे उरले ते आपले काम करते. गंमत अशी की याच कंपनीने पुढे सोने, प्लॅटिनम आणि म्हशीचे शिंग यांच्याही महागड्या मालिका काढल्या. 2021 साली ती केरिंग या फ्रेंच समूहाच्या चष्मा-कंपनीने विकत घेतली. काढून टाकण्याचीही अखेर बाजारात भर पडतेच.

शिंगाचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट नमूद करतो. युरोपातील उंची दुकानांत 'बफेलो हॉर्न' म्हणून ज्या फ्रेमा ठेवतात त्या आशियातील पाणम्हशीच्या शिंगाच्या. उत्तर प्रदेशातील संभल येथे हेच शिंग कापून, तापवून, दाबून त्याच्या फण्या आणि बटणे करणारे कारागीर आहेत. शिंगाची फणी आपल्या आजीच्या पेटीत होती, आणि तिला कोणी चैन म्हटले नाही. शिंग कोरडे पडले की तडकते, त्याला अधूनमधून तेल लावावे लागते, हे त्या आजीला ठाऊक होते. आज हीच सूचना महागड्या फ्रेमेच्या डबीत छापील कागदावर येते. द्रव्य तेच, त्याची निगाही तीच. बदलले ते फक्त कोणाच्या हातून ते विकले जाते एवढेच.

यातून आपण नावाच्या प्रश्नाकडे येतो. 1961 साली लिओनार्दो देल वेक्यो यांनी इटलीच्या डोंगराळ भागातील आगोर्दो या गावी लुक्सोत्तिका सुरू केली. मिलानमधील अनाथाश्रमात वाढलेला हा माणूस आरंभी इतरांसाठी सुटे भाग करीत असे. 1988 साली त्यांनी जॉर्जो अर्मानी यांच्याशी परवान्याचा करार केला, आणि चष्म्याच्या काडीवरच्या नावाला नवा अर्थ आला. कपड्यांचे आरेखनकार नाव देणार, फ्रेम घडवणार दुसरेच कोणी. 2018 मध्ये ही कंपनी भिंगे बनवणाऱ्या एसिलोर या फ्रेंच कंपनीत विलीन झाली. म्हणजे भिंग आणि चौकट, दोन्ही एकाच मालकाची. ग्राहकाला दुकानात पन्नास नावांची निवड दिसते, आणि त्यांपैकी कितीतरी नावे एकाच छताखाली घडलेली असतात. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर एकाचे नाव आणि आत दुसऱ्याचे लेखन असेल तर आपण त्यावर वाद घालतो, पत्रे लिहितो. चष्म्याच्या काडीवरील नावाला मात्र आपण लेखकाचे नाव समजतो.

आणि इतके करून ती फ्रेम आपल्या नाकावर बसते का? आमच्या मित्राला दाखवलेली ती 'शेल' बसली नाही. मान खाली घातली की ती घसरे. ॲसिटेटच्या फ्रेमेचा नाकावर टेकणारा भाग बहुधा चौकटीतच घडवलेला असतो. तो ज्या नाकासाठी आखला त्याहून नाकाचा पूल सखल असेल तर फ्रेम गालांवर टेकते. पुष्कळ आशियाई ग्राहकांची ही तक्रार असते, आणि काही कंपन्यांनी सखल पुलासाठी वेगळे आकार काढले ते बऱ्याच उशिरा. दुकानदारांनी सुचवले, "सवय होईल." सवय होईल, हे वाक्य आपण किती वाङ्मयीन मापदंडांबद्दल ऐकले आहे याची गणती न केलेली बरी. परक्या चेहऱ्याच्या मापाने घडलेली चौकट उंची म्हणून नाकावर ठेवायची आणि ती घसरली तर दोष नाकाचा.

काही वाचक म्हणतील, साहित्याच्या पानांवर चैनीच्या चष्म्यांची चर्चा हवी कशाला? जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या अहवालानुसार जगात 82 कोटी 60 लाख माणसांना केवळ चाळिशीवर उपाय न झाल्यामुळे जवळचे नीट दिसत नाही. ज्यांना साधा वाचनाचा चष्मा मिळत नाही त्यांच्यासमोर शिंग आणि टायटॅनियम यांचे कौतुक करणे अश्लाघ्य नव्हे काय? हा आक्षेप आम्हाला टाळता येत नाही आणि टाळायचाही नाही. पण त्याचे उत्तर, 'सगळी चैन सारखीच' असे म्हणून तोंड फिरवण्यात नाही. तसे केले तर तारेची बिनस्क्रूची चौकट आणि रंगवलेल्या ठिपक्यांची नामांकित फ्रेम यांत भेद उरत नाही. हलकी, दुरुस्त होणारी, न गंजणारी, नाकाला न रुतणारी चौकट कशी असते हे कळणे, हे स्वस्त चष्मा चांगला करण्याचेही पहिले पाऊल आहे. साबाएचे काम हिवाळ्यात रिकाम्या राहणाऱ्या हातांसाठी सुरू झाले होते, हे येथे विसरू नये.

शेवटी दोन लिलाव. 2021 च्या ऑक्टोबरात लंडनमध्ये सदबीजने चष्म्यांच्या दोन जोड्या लिलावात मांडल्या. एकीची भिंगे हिऱ्याची, दुसरीची पाचूची. भिंगे मुघलकालीन, चौकटी सुमारे 1890 च्या, हिरेजडित. प्रत्येकीची अपेक्षित किंमत 15 ते 25 लाख पौंड. द्रव्याची श्रीमंती याहून पुढे जाऊ शकत नाही, आणि त्यांतून पुस्तक वाचता येईल असे कोणी म्हणणार नाही. त्याच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट 2020 मध्ये, ब्रिस्टलमधील एका लिलावात गांधीजींचा म्हणून ओळखला जाणारा एक गोल चष्मा 2 लाख 60 हजार पौंडांना विकला गेला. तो लिफाफ्यात घालून लिलावगृहाच्या पत्रपेटीत कोणीतरी सोडला होता. त्याच्यावर सोन्याचा मुलामा होता हे बातमीत दुय्यम ठरले. बोली त्या मुलाम्यावर लागली नव्हती. त्यातून कोणी पाहिले यावर लागली होती.

या दोन टोकांच्या मध्ये आपला रोजचा चष्मा असतो, आणि त्याच्याविषयी बोलण्यासाठी आपल्यापाशी 'छान दिसतो' याखेरीज शब्द नाहीत. पैठणीचा पदर, नथीतील मोती, तांब्याच्या भांड्याचा घाट यांबद्दल मराठीत बारकाईने बोलता येते. तशी भाषा या नव्या वस्तूंसाठी घडवणे हे साहित्याच्या अभ्यासकांचे काम नाही असे म्हणणाऱ्यांनी, ते मग कोणाचे, हे सांगावे. तोवर ते काम जाहिरात करील, आणि कासव नसलेल्या वस्तूला कासव म्हणत राहील.

असो. आमच्या मित्राने अखेर साधी टायटॅनियमची फ्रेम घेतली. तीवर कोणाचेही नाव नव्हते. दुकानदारांनी काड्या किंचित वाकवून कानामागे बसवून दिल्या, नाकावरचे पॅड दोनदा जुळवले, आणि वर्तमानपत्राचा तुकडा समोर धरला. "आता वाचा," ते म्हणाले. अक्षरे स्वच्छ दिसली. चौकट दिसत नव्हती.